दगडी कोळशाचे वाचन : प्राचीन उष्णकटिबंधीय दलदलींच्या अभ्यासाचा इतिहास

मराठीत कोळशाचे दोन प्रकार नावानेच वेगळे केलेले आहेत. लाकूड जाळून लोणारी जो तयार करतो तो लोणारी कोळसा आणि खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. पहिल्या नावात तो करणाऱ्याचा व्यवसाय सांगितला आहे, दुसऱ्यात त्याचे बाह्य रूप. दगडी कोळसा मुळात काय होता व कसा झाला, याविषयी हे दुसरे नाव काहीच सांगत नाही. दगडी कोळशाच्या थरांत लोणारी कोळशाचेच पातळ पापुद्रे ठिकठिकाणी अडकलेले असतात, ही गोष्टही त्या नावावरून कोणाच्या ध्यानात येणार नाही. कोळशाच्या घटकांवरून तो ज्या दलदलीत साचला तिची जडणघडण कशी ओळखता येऊ लागली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा इतिहास जितका शोधांचा आहे तितकाच संज्ञांचा आहे. घटकाला नाव देताना त्याचे वर्णन करावयाचे की त्याचा अर्थ लावावयाचा, या प्रश्नाशी ह्या शास्त्राचे अभ्यासक शंभर वर्षे झगडत आलेले आहेत.

पहिला वाद कोळशाच्या जन्मस्थानाचा होता. नद्यांनी वाहून आणलेल्या ओंडक्यांचे ढीग गाडले जाऊन कोळसा झाला, की ज्या जागी वनस्पती वाढल्या त्याच जागी त्यांचे अवशेष साचले? विल्यम लोगन यांनी १८४० च्या सुमारास साऊथ वेल्समधील कोळशाच्या अनेक थरांखालची माती तपासली. जवळजवळ प्रत्येक थराखाली त्यांना एकाच प्रकारची चिकणमाती आढळली आणि तिच्यात स्टिग्मेरिया या नावाने ओळखले जाणारे जीवाश्म सर्वत्र पसरलेले दिसले. स्टिग्मेरिया म्हणजे लेपिडोडेंड्रॉनसारख्या प्रचंड वृक्षांचे मूलांग होय, हे पुढे निश्चित झाले. मुळे जागच्या जागी असतील तर वनही तेथेच होते, हा निष्कर्ष त्यावरून ओघानेच येतो. तत्पूर्वी १८३३ मध्ये न्यूकॅसलच्या विल्यम हटन यांनी कोळशाचे पारदर्शक पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. एकजिनसी काळ्या दिसणाऱ्या या पदार्थाला आतून रचना आहे, हे त्यामुळे दृष्टोत्पत्तीस आले. १८५५ मध्ये जोसेफ हूकर व एडवर्ड बिनी यांनी कोळशाच्या थरांत सापडणाऱ्या चुनखडीच्या गोळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पीट दबून चपटे होण्यापूर्वीच त्यात खनिज शिरल्यामुळे या गोळ्यांत खोड, मूळ, पान व बीज यांच्या पेशी जशाच्या तशा टिकून राहिल्या होत्या. पीट म्हणजे पाण्याखाली, प्राणवायूच्या अभावी अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर. कोळशाच्या पूर्वावस्थेचे हेच नाव आहे.

दुसरा वाद हवामानाचा होता, आणि तो अधिक काळ चालला. युरोपातील पंडितांना ठाऊक असलेले पीट आयर्लंड, स्कॉटलंड व उत्तर जर्मनी येथील थंड, शेवाळी पाणथळांतले होते. उष्ण प्रदेशात कुजण्याची क्रिया इतकी जलद असते की तेथे पीट साचणेच अशक्य, अशी समजूत दृढ होती. उलट पक्षी, कार्बॉनिफेरस काळातील वृक्षांच्या खोडांत ऋतुभेद दाखविणारी वार्षिक वलये सहसा दिसत नव्हती आणि नेच्यांचे वृक्षाएवढे आकार उष्ण व दमट हवामानाकडे बोट दाखवीत होते. वनस्पती एक साक्ष देत होत्या आणि पीटविषयीचे ज्ञान दुसरी. हा पेच सुमात्रातील एका प्रवासामुळे सुटला. १८९१ मध्ये डच मोहिमेबरोबर गेलेल्या कूर्डर्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या बेटाच्या पूर्वेकडील सखल भागात दलदलीतील विस्तीर्ण अरण्य पाहिले आणि त्याखाली जाड पीट असल्याची नोंद केली. बर्लिनचे हेन्री पोटोनिए यांनी त्या आधारे १९०७ मध्ये व त्यानंतरच्या लेखनात असे प्रतिपादन केले की युरोपातील कोळशाच्या थरांना जोड शोधावयाची तर ती थंड प्रदेशातील शेवाळी पाणथळांत न शोधता उष्णकटिबंधातील वनाच्छादित दलदलींत शोधली पाहिजे. कार्बॉनिफेरस काळी ब्रिटन व पूर्व अमेरिका हे भूभाग विषुववृत्ताच्या आसपास होते, हे भूखंडांच्या स्थलांतराचा सिद्धांत मान्य झाल्यावर सर्वमान्य झाले. पोटोनिए यांच्या हाती मात्र तेव्हा फक्त वनस्पती आणि सुमात्राचे पीट एवढीच सामग्री होती.

येथपर्यंतचा विचार दलदलीच्या स्थूल स्वरूपाचा होता. एका थराच्या तळापासून माथ्यापर्यंत दलदल कशी बदलत गेली, हा प्रश्न विचारण्यासाठी कोळशाच्या घटकांना नावे असणे आवश्यक होते. हे कार्य मेरी स्टोप्स यांनी केले. मराठी वाचकाला हे नाव निराळ्या संदर्भात परिचित असण्याचा संभव अधिक. संततिनियमनाच्या ज्या पुरस्कर्त्या बाईंनी १९२१ मध्ये लंडनमध्ये आपले केंद्र उघडले आणि ज्यांच्या कार्याशी र. धों. कर्वे यांनी त्याच वर्षी मुंबईत सुरू केलेल्या केंद्राची तुलना होते, त्याच या मेरी स्टोप्स. मूळच्या त्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९०४ मध्ये म्यूनिक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. १९१८ मध्ये व्हीलर यांच्या सहकार्याने त्यांनी कोळशाच्या घटनेवर प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९१९ मध्ये पट्टेदार कोळशात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारे चार घटक निश्चित केले.

ही चार नावे भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. काळा, ठिसूळ, बोटाला काजळी लावणारा जो घटक खाणकामगारांच्या बोलीत ‘कोळशाची आई’ म्हणून ओळखला जाई, त्याला फ्रेंच अभ्यासक ‘फ्युसेन’ म्हणत असत. फ्रेंच भाषेत हे मूळ एका झुडपाचे नाव. त्याच्या लाकडाच्या चात्या होत, म्हणून चातीवाचक लॅटिन शब्दावरून ते पडले. पुढे त्याच लाकडाच्या, चित्रे काढण्यासाठी वापरावयाच्या कोळशाला तेच नाव मिळाले आणि तेथून ते दगडी कोळशातील लोणारी कोळशासारख्या घटकाकडे आले. स्टोप्स यांनी हा शब्द ठेवला आणि त्याच्या अंत्य अवयवाचा साचा धरून उरलेली तीन नावे घडविली. काचेसारखा चकचकीत तो व्हिट्रेन, रेशमी चमक असलेला तो क्लॅरेन आणि मंद, कठीण तो ड्युरेन. काच, तेजस्वी व कठीण या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ती आलेली आहेत. या नावांत उत्पत्तीविषयी एक अक्षरही नाही, फक्त डोळ्याला व हाताला जे जाणवते तेवढेच आहे.

याउलट अमेरिकेत राइनहार्ट थीसेन यांनी १९२० मध्ये जी परिभाषा मांडली तिच्यातील ‘अँथ्रॅक्सायलॉन’ या संज्ञेत कोळसा व लाकूड हे दोन ग्रीक शब्द एकत्र आलेले आहेत, आणि ‘अॅट्रिटस’ म्हणजे झिजून चुरा झालेले. येथे नाव देतानाच मूळ पदार्थ कोणता व त्याचे काय झाले, याचा निर्णय दिलेला आहे. थीसेन पातळ कापांतून प्रकाश आरपार जाऊ देऊन निरीक्षण करीत, तर युरोपात घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावरून परावर्तित होणारा प्रकाश पाहण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे दोन पद्धती व दोन परिभाषा दीर्घकाळ समांतर चालल्या. १९३५ मध्ये हॉलंडमधील हेर्लेन येथील परिषदेच्या निमित्ताने स्टोप्स यांनी ‘मॅसरल’ ही नवी संज्ञा सुचविली. खडकाचे घटक जसे मिनरल तसे कोळशाचे घटक मॅसरल, अशी ही योजना होती. भिजवून मऊ करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द केलेला आहे. वनस्पतींचे अवशेष पाण्यात मुरून हे घटक झाले, एवढाच उत्पत्तीचा धागा त्यात ठेवलेला आहे. मॅसरलांचे आज तीन गट मानतात. लाकूड व साल यांच्या पेशी फुगून एकजीव झाल्याने बनलेला व्हिट्रिनाइट, बीजुकांची आवरणे, पानांची उपत्वचा व राळ यांचा लिप्टिनाइट, आणि जळून किंवा ऑक्सिडीकरण होऊन कर्बप्रचुर झालेला इनर्टिनाइट. १९५३ मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली व संज्ञांचे अर्थ निश्चित करण्याचे काम तिने हाती घेतले.

घटकांना नावे मिळाल्यावर त्यांचा क्रम वाचणे शक्य झाले. या दिशेने महत्त्वाचे पाऊल ए. एच. व्ही. स्मिथ यांनी १९५७ व १९६२ मधील लेखांत टाकले. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील, सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या थरांचे तळापासून वरपर्यंत लहान लहान भाग करून त्यांनी प्रत्येक भागातील मॅसरल आणि बीजुके या दोहोंची एकत्र मोजणी केली. तेव्हा एक ठरावीक क्रम पुनःपुन्हा दिसू लागला. थराच्या तळाशी व्हिट्रिनाइटने समृद्ध, चकचकीत कोळसा आणि त्यात लायकोस्पोरा ही उंच वृक्षांची बीजुके विपुल. त्यावर संमिश्र, संक्रमणाची अवस्था. आणि त्याहून वर, पुष्कळदा थराच्या मध्यभागी, मंद ड्युरेनचा पट्टा व त्यात डेन्सोस्पोरायटिस या जाड आवरणाच्या बीजुकांचा भरणा. ही बीजुके लहान चणीच्या वनस्पतींची होत.

या मंद पट्ट्याचा अर्थ काय? तोवर अनेक अभ्यासक ड्युरेनकडे खोल, उघड्या पाण्यात साचलेला गाळ म्हणून पाहत. लाकूड नाही, बीजुके भरपूर, यावरून दलदल पाण्याखाली गेली असावी, असा त्यांचा तर्क होता. स्मिथ यांनी नेमका उलट अर्थ लावला. पुराच्या पाण्याने हा पट्टा झाला असेल तर त्याच्या लगत मातीचे थर असावयास हवेत. परंतु माती असते ती सामान्यतः चकचकीत कोळशाच्या शेजारी. मंद पट्टा थराच्या अंतर्भागात, मातीपासून दूर असतो. तेव्हा पीट साचत साचत भोवतालच्या भूमीहून उंच झाले, नदीच्या पाण्याची पोच संपली, दलदल केवळ पावसावर जगू लागली, क्षार कमी पडल्याने मोठे वृक्ष मागे हटले आणि पृष्ठभागाला हवा लागल्याने अवशेषांचे ऑक्सिडीकरण झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच काळ्या पट्टीचे एक वाचन ‘बुडालेली दलदल’ असे होते आणि दुसरे ‘वर उचललेली दलदल’ असे. लक्षण तेच, अर्थ परस्परविरुद्ध.

स्मिथ यांच्या वाचनाला बळ मिळाले ते बोर्निओतून. बेट्ये पोलाक यांनी १९३३ मध्येच डच ईस्ट इंडीजमधील पीटभूमींचे वर्णन करताना त्यांतील अनेक घुमटाकार व पर्जन्यपोषित आहेत, हे दाखविले होते. त्यानंतर सारावाकच्या वनखात्यातील जे. ए. आर. अँडरसन यांनी १९६१ व १९६४ मध्ये तेथील दलदलींतील अरण्याचा तपशीलवार अभ्यास मांडला. घुमटाच्या कडेपासून मध्यापर्यंत जाताना सहा वनसमूह एकामागून एक भेटतात. कडेला विविध जातींचे उंच मिश्र अरण्य, नंतर आलान या वृक्षाचे प्राबल्य असलेली वने आणि अखेर मध्यभागी खुरटी, विरळ झाडे. आलान हा आपल्या साल वृक्षाचाच सगोत्र. १९७५ मध्ये अँडरसन व म्युलर यांनी बाराम नदीवरील मरुडी येथील सुमारे १२ मीटर जाडीच्या पीटमधील परागकण तपासले. तळाला खारफुटीची चिकणमाती आणि तिच्यावर तेच वनसमूह त्याच क्रमाने, पण उभ्या दिशेत रचलेले त्यांना आढळले. कडेपासून मध्यापर्यंत चालत जाणाऱ्याला जे आज अवकाशात दिसते, ते दलदलीच्या मध्यभागी काळाच्या ओघात घडलेले आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. चार हजारांहून काही अधिक वर्षांत हे सर्व घडले. त्याच लेखात त्यांनी ब्रुनेईतील मायोसीन काळच्या कोळशाचीही तुलना करून आजच्या दलदलीशी त्याचे साम्य दाखविले.

भाषेच्या इतिहासाशी परिचित असणाऱ्याला ही पद्धती ओळखीची वाटेल. बोलींच्या आजच्या भौगोलिक विभागणीवरून भाषेतील परिवर्तनांचा कालक्रम आपण लावतो आणि जेथे जुना लेख सापडतो तेथे तो पडताळून पाहतो. मरुडीचे पीट हा असा लेख ठरला.

पुढील काळात रासायनिक घटकांचीही साक्ष घेण्यात आली. पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने घुमटाकार दलदलीतील पीटची राख व गंधक कमी भरते, तर भूजलावर पोसलेल्या सपाट दलदलीत दोन्ही अधिक असतात. १९८५ मध्ये ब्लेन सेसिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ॲपलाचियन खोऱ्याच्या कोळशाला हा निकष लावला. जुन्या थरांत राख व गंधक कमी, नंतरच्या थरांत जास्त, असे आढळल्याने बारमाही पावसाचे हवामान हळूहळू ऋतुमानाधीन होत गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. टॉम फिलिप्स व विल्यम डिमिशेल यांनी चुनखडीच्या गोळ्यांतील वनस्पतींवरून याच काळाचे वेगळ्या मार्गाने चित्र रेखाटले. साचलेल्या पाण्यात वाढणारे लेपिडोफ्लॉइओससारखे वृक्ष सुमारे ३०.५ कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशातून नाहीसे होतात आणि त्यांची जागा वृक्षासारखे नेचे घेतात.

या यशामुळे घटकांच्या प्रमाणांवरून दलदलीचा प्रकार थेट वाचण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्लाउस डीसेल यांनी पेशीरचना कितपत टिकली आणि ती कितपत फुगून एकजीव झाली, याचे दोन निर्देशांक बसविले. त्यांचा आलेख काढला की कोळशाचे स्थान त्रिभुज प्रदेशात, नदीकाठी की किनाऱ्यालगत हे समजावे, अशी ही योजना होती. परंतु ते निर्देशांक ऑस्ट्रेलियातील पर्मियन कोळशावर, म्हणजे थंड प्रदेशातील दलदलींवर बेतलेले होते. पुढे जगातील सर्व काळांच्या व सर्व हवामानांच्या कोळशाला ते लावण्यात आले. १९९३ मध्ये क्रॉसडेल यांनी न्यूझीलंडच्या मायोसीन कोळशाच्या आधारे, पर्जन्यपोषित दलदलींच्या बाबतीत ही प्रमाणे विश्वसनीय ठरतात काय, असा प्रश्न उपस्थित केला. इंडोनेशियातील मायोसीन कोळसा या संदर्भात विचारात घेण्यासारखा आहे. राख व गंधक यांच्या अल्पतेवरून तो घुमटाकार दलदलीत साचला असे मानतात. पण त्यात व्हिट्रिनाइट विपुल व इनर्टिनाइट फारच थोडा असतो. म्हणजे यॉर्कशरमध्ये घुमटाची खूण ठरलेला मंद पट्टा येथे जवळजवळ नाही. ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती निराळ्या होत्या, वातावरणातील प्राणवायूचे प्रमाण निराळे होते आणि वणव्यांचे मानही निराळे होते. इनर्टिनाइटचा बहुतांश भाग वणव्यातील लोणारी कोळसाच होय, असे मत आता पुष्कळ अभ्यासक मांडतात. ते खरे असेल तर मंद पट्ट्याचा काही अंश दलदलीच्या उंचीपेक्षा आगीची कथा सांगत असला पाहिजे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या सावधगिरीचे विशेष महत्त्व आहे. कामठी, उमरेड, बल्लारपूर, चंद्रपूर येथील कोळसा पर्मियन काळातील गोंडवन संघाचा. ग्लॉसोप्टेरिस या पर्णपाती वृक्षांच्या वनांतून तो झाला, त्यांच्या खोडांत ऋतूंची वलये स्पष्ट दिसतात आणि हा भूभाग तेव्हा दक्षिण गोलार्धात बराच दक्षिणेला होता. या कोळशातही मंद पट्टे व इनर्टिनाइट भरपूर आहेत. परंतु त्यांना यॉर्कशरचा अर्थ लावणे म्हणजे एका भाषेचा कोश हाती घेऊन दुसऱ्या भाषेचा शिलालेख वाचणे होय. आपल्याकडे उष्णकटिबंधीय दलदलीचा पुरावा हवा असेल तर तो सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील, पाच कोटी वर्षांहून जुन्या लिग्नाइटमध्ये शोधावा लागेल. तेथील अंबर साल वृक्षाच्या कुळातील झाडांच्या राळेचे आहे, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. बोर्निओच्या आलान वनांशी त्याचे नाते जुळते ते असे.

सारांश, कोळशातील कोणत्याही एका घटकाला स्वतःचा स्थिर अर्थ नाही. तो क्रमाने, शेजारच्या घटकांनी, बीजुकांनी व राखेने ठरतो, आणि अखेर आजच्या दलदलीत तो पडताळून पाहावा लागतो. ही पडताळणीची साधनेच आता धोक्यात आहेत. १९९६ मध्ये मध्य कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीखाली आणण्याची योजना सुरू झाली व पाण्याच्या निचऱ्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. भात पिकला नाही आणि १९९९ मध्ये योजना थांबविण्यात आली. परंतु वाळलेल्या पीटला १९९७ मध्ये आग लागली होती. इंडोनेशियातील पीटभूमींच्या त्या वर्षीच्या वणव्यांतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कर्ब हवेत गेला, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सारावाकमधील दलदलींचाही मोठा भाग निचरा करून तेलताडाच्या लागवडीखाली आणण्यात आला आहे. अँडरसन ज्या वनांतून कडेपासून मध्यापर्यंत चालत गेले, त्यांतील पुष्कळ वने आज पाहावयास मिळत नाहीत.

जुनी भाषा वाचता यावी म्हणून तिच्या जिवंत बोलींची नोंद वेळीच करावी लागते. यॉर्कशरचा वा वस्तानचा कोळसा भूगर्भात सुरक्षित आहे. त्याचा अर्थ ज्यांच्याकडे विचारावयाचा त्या दलदलींचे मोजमाप, परागकणांचे नमुने आणि वनसमूहांचे नकाशे मात्र येत्या काही दशकांतच पूर्ण करावे लागतील. एकदा निचरा झालेल्या व जळालेल्या पीटमध्ये तो क्रम पुन्हा शोधता येत नाही.